पीएफमधली पेन्शन किती बसणार? कागद-पेन घेऊन बसा, सांगतो

प्रायव्हेट नोकरीवाल्याला कुठली आलीये पेन्शन, असं अजून बरेच जण म्हणतात. असते हो. फक्त ती किती तुटपुंजी असते हे ५८ व्या वर्षी कळतं, आणि तोवर काही करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून चाळिशीतच हिशोब करून ठेवा, अर्धा तास लागतो.

आधी पैसा जातो कुठे ते बघू. तुमच्या पगारातून कापलेले १२ टक्के सगळे पीएफमध्ये जातात. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के ईपीएसमध्ये, म्हणजे १९९५ च्या पेन्शन योजनेत, आणि उरलेले पीएफमध्ये. पण ते ८.३३ टक्के धरतात जास्तीत जास्त १५,००० पगारावर, म्हणजे बेसिक तुमचा लाखभर असला तरी पेन्शनमध्ये महिन्याला १,२५० च्या वर जात नाही. आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफ सुरू झाला असेल आणि तेव्हाच बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून) १५,००० च्या वर असेल तर तुम्ही ईपीएसमध्ये नाहीच, सगळं पीएफमध्येच जातं. आयटीतली बरीच पोरं यात येतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

आता गणित. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार (१५,००० पर्यंतच धरायचा) गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. एवढंच. पण यात एक मेख आहे जी कोणी सांगत नाही, सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना १५,००० नाही, ६,५०० ची मर्यादा लागते. समजा २०१४ च्या आधीची ८ वर्षं आणि नंतरची ११. आधीचे ६,५०० × ८ ÷ ७० = ७४३, नंतरचे १५,००० × ११ ÷ ७० = २,३५७, झाले ३,१०० रुपये महिना. १९ वर्षं घासून ३,१००! यात महागाई भत्ता वगैरे काही नाही, जे बसलं ते बसलं. ५८ ला रिटायर होताना २० वर्षं भरलेली असली तर दोन वर्षं बोनस धरतात, त्यामुळे १९ च्या आसपास असाल तर राजीनामा टाकायच्या आधी तारखा मोजा.

पेन्शन मिळायला निदान १० वर्षं लागतात, आणि इथेच आमच्या मामांचा घोळ झाला. पहिली नोकरी ७ वर्षं, ती सुटल्यावर कोणीतरी सांगितलं सगळं काढून घ्या, तर त्यांनी पीएफसोबत फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसेही काढले. घरात फ्रीज आला. मग मधे बरीच वर्षं स्वतःचा धंदा, आणि २०१५ पासून परत नोकरी, ८ वर्षं. ५८ झाल्यावर गेले फॉर्म भरायला तर सेवा धरली फक्त ८ वर्षं, पेन्शन नाही. त्याच १०सी फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेटचा (पैसे न काढता झालेली सेवा पुढच्या नोकरीत जोडायचा दाखला) पर्याय होता, तो घेतला असता तर १५ वर्षं झाली असती आणि महिन्याला २,३६४ रुपये आयुष्यभर आले असते. मामी अजून त्या फ्रीजचा उल्लेख करते.

तर नोकरी बदलताना काढू नका, ट्रान्सफर करा. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं, घाबरू नका, पेन्शन त्या रकमेवर नाही सेवेच्या वर्षांवर ठरते. त्यासाठी पीएफच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर) लॉगिन करून सर्व्हिस हिस्ट्री उघडा. जुन्या कंपन्या सगळ्या दिसतायत का, नोकरी सोडल्याची तारीख पडलीये का (कंपनीने टाकली नसेल तर सोडून दोन महिने झाल्यावर आधार ओटीपीने स्वतः टाकता येते), नाव आणि जन्मतारीख आधारसारखीच आहे का. माझ्या एका जुन्या कंपनीने आडनावात एक अक्षर जास्त टाकलं होतं, ते काढायला मी चार महिने फेऱ्या मारल्या, तेही तिशीत. साठीत कोण मारणार? नॉमिनेशनही तिथेच ऑनलाइन करून टाका.

५८ पूर्ण झाले की पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म १०डी, सोबत नवरा-बायकोचा जोडफोटो, बँक खातं, मुलांच्या जन्मतारखा. नोकरी सुटली असेल तर ५० पासूनही घेता येते पण दर वर्षाला ४ टक्के कापतात, ५४ ला घेतली तर वरच्या ३,१०० चे २,६०४ होतात आणि कायमचे तेवढेच राहतात. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढतात. पेन्शनर गेला तर जोडीदाराला निम्मी मिळते, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर १० वर्षांची अटही नाही, एक महिन्याचं भरलेलं असलं तरी चालतं. हे घरी सांगून ठेवा.

तीन हजारात घर चालत नाही हे उघड आहे, त्यामुळे वर थर चढवावे लागतात. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना, आपणच पैसे भरत जायचे) पेन्शन ठरलेली नसते, जमलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा अ‍ॅन्युइटीत घालावा लागतो म्हणजे विमा कंपनीला एकरकमी देऊन त्या बदल्यात आयुष्यभर हप्ता घ्यायचा. तिथे पर्याय निवडताना जोडीदाराला पुढे चालू राहणारा घ्या, रक्कम थोडी कमी दिसते म्हणून टाळू नका. अटल पेन्शन १८ ते ४० वयाच्यांना, ६० नंतर १,००० ते ५,००० मिळतात. ५,००० साठी १८ व्या वर्षी महिना २१० लागतात, चाळिशीला १,४५४, पण टॅक्स भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून बंद. आणि रिटायर झाल्यावर मला सगळ्यात बरी वाटते ती पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम, ३० लाखांपर्यंत, सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. पीएफचे १५ लाख टाकले तर तिमाहीला ३०,७५० येतात. पेन्शन नाही ती, पण काम पेन्शनचंच करते, आणि मुद्दल आपलंच राहतं.

सरकारी लोकांचं वेगळं, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, शेवटच्या बेसिकच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता. त्यांच्याशी तुलना करत बसू नका, बीपी वाढतं.

पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरातच द्यायचं बंधन नाही, दिल्यापासून १२ महिने चालतो, त्यामुळे रांगेत उभं राहायची गरज नाही. शेजारच्या काकांचा अंगठाच मशीनवर उमटत नव्हता, आयुष्यभर लेथवर काम केलेले हात. शेवटी नातीने मोबाईलवर चेहऱ्याने केलं, काका चष्मा काढून दोनदा डोळे मिचकावून बसले आणि पाच मिनिटांत मेसेज आला.