सीबायोपोर्टल उघडण्याआधी

सीबायोपोर्टल म्हणजे कर्करोगाच्या गाठींचा जनुकीय डेटा चाळायची वेबसाइट. ती उघडायची तर आधी कागद घ्या, लॅपटॉप नंतर. कागदावर एका ओळीत प्रश्न लिहा. ‘स्तनाच्या कर्करोगात काय काय बदलतं’ याला प्रश्न म्हणत नाहीत. ‘ज्या गाठींत ईआरबीबी२ जनुकाच्या प्रती वाढल्यात, तिथे त्याचा आरएनए आणि प्रथिनही वाढलंय का?’ असं विचारा, म्हणजे काय लागणार ते आपोआप ठरतं: कॉपी नंबर, आरएनए, प्रथिन. मिथिलेशनच्या (डीएनएवरच्या रासायनिक खुणांच्या) फाइली नकोत तर उतरवूच नका, डिस्क भरते.

जनुकाचं अधिकृत नाव बघून ठेवा. रुग्णाच्या रिपोर्टवर हर-टू असतं, डेटाबेसात ईआरबीबी२. आणि टीसीजीएच्या (‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या अमेरिकी प्रकल्पाच्या) यादीत बीआरसीए म्हणजे जनुक नव्हे, स्तनाच्या कर्करोगाचा अख्खा गट! नवखा माणूस इथे हमखास फसतो.

मग डेटाचे संच. सीबायोपोर्टलवर टीसीजीएच्या त्याच रुग्णांचे अनेक संच शेजारी शेजारी दिसतात. सगळ्यांवर टिचक्या मारल्या की एकच बाई दोनदा मोजली जाते. पॅनकॅन्सर ॲटलास नावाचा संच घ्या, बाकीचे सोडा. झेना या दुसऱ्या डेटा-साइटवरून फाइली घेणार असाल तर संदर्भ जीनोमची आवृत्ती टिपून ठेवा: टीसीजीए हबवर एचजी१९, जीडीसी (अमेरिकी कर्करोग संस्थेचा डेटासाठा) हबवर एचजी३८. आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) आधीच घेतलाय का, तेही पाहा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नमुन्याच्या बारकोडला द्या. पहिली १२ अक्षरं, मधल्या रेघा धरून, रुग्णाची. पुढच्या रेघेनंतरचे दोन अंक नमुन्याचे: ०१ मूळ गाठ, ०६ दुसरीकडे पसरलेली, १० रक्त, ११ निरोगी ऊती. मी पहिल्यांदा १२ अक्षरांवरच तक्ते जोडले आणि ११वाले नमुने गाठींत जाऊन बसले. आलेख इतका देखणा आला होता की तीन दिवस शंकाच आली नाही. १५ अक्षरांवर जोडा. जोडल्यावर प्रत्येक थरात (कॉपी नंबर, आरएनए, प्रथिन) किती नमुने होते आणि सगळ्यांत मिळून किती उरले, ते लिहा. प्रथिनांची मोजणी प्रत्येक गाठीची झालेली नाही, त्यामुळे आकडा घसरणारच.

जनुकांचा रकाना स्प्रेडशीटमध्ये मजकूर म्हणूनच उघडा, नाहीतर सेप्ट२ या जनुकाचं २ सप्टेंबर होतं. पुढे त्याचं नाव अधिकृतपणे सेप्टिन२ केलं गेलं, पण जुन्या फाइलींत जुनंच आहे.

रुग्ण किती काळ जगले याचा आलेख काढायचा असेल तर सावध. टीसीजीएत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा तोकडा आहे. एकूण आयुष्यापेक्षा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ घेणं बरं.

टीसीजीएतले बहुतेक रुग्ण गोरे आहेत, हेही टिपणात असू द्या. पुण्याच्या इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलासने ५० भारतीय स्तन-कर्करोग रुग्णांचा डीएनए, आरएनए आणि प्रथिनांचा संच सीबायोपोर्टलच्याच साच्यात मांडलाय. ५० म्हणजे थोडेच, पण ईआरबीबी२चा प्रश्न तिथेही टाकून बघता येतो.

आणि फाइल उतरवल्याची तारीख फोल्डरच्या नावातच घाला.