चुनखडक ओळखताना या चुका टाळा

दगडावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला, फेस आला, वहीत 'चुनखडक' लिहून मोकळे! बाटली आधी आणि हातोडा नंतर, ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली पहिला तासभर बाटली मी माझ्याच पिशवीत ठेवतो.

एकदा भीमेच्या काठी मुलांना घेऊन गेलो होतो. एकाने अर्ध्या तासात अकरा दगड जमवले, प्रत्येकावर 'चुनखडक' अशी चिठ्ठी. पहिला फोडला, आत काळाकुळकुळीत बेसाल्ट. दुसरा, तिसरा, तेच. आपल्या पठारावर पाण्यात विरघळलेला चुना दगडांवर पांढरी पुटं धरतो. फसफसली होती ती पुटं. एका दगडाच्या आतही फेस आला, तेव्हा पोराचा चेहरा उजळला. भिंगातून दाखवलं: बेसाल्टच्या पोकळीत बसलेलं कॅल्साइट, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो तेच फसफसणारं खनिज. थेंब शेजारच्या काळ्या भागावर टाकला, एक बुडबुडा नाही. म्हणून आधी दगड फोडा, ताजी बाजू भिंगाखाली नीट बघा आणि मगच थेंब टाका. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू द्यात.

वालुकाश्मही फसवतो. त्याचे वाळूचे कण कधीकधी कॅल्साइटनेच चिकटलेले असतात, त्यामुळे फेस येतोच. शंका आली की मी कपचा काचेच्या पेल्यात ॲसिडमध्ये रात्रभर ठेवतो. सकाळी तळाशी वाळूचा ढीग दिसला तर तो वालुकाश्म.

फेस आला नाही म्हणून दगड फेकूनही देऊ नका. चाकूने खरवडून भुकटीवर थेंब टाका. भुकटी हळूहळू फसफसली तर डोलोमाइट, म्हणजे चुनखडकाचा मॅग्नेशियमवाला भाऊ, असू शकतो.

चुनखडक पांढराच असतो, हे डोक्यातून काढा. चंद्रपूर-यवतमाळकडचा पैनगंगा गट नावाच्या फार जुन्या थरांतला चुनखडक राखाडी, गुलाबी, अगदी चॉकलेटी रंगाचाही असतो. त्यात शिंपले शोधत बसू नका. शिंपल्यांचे प्राणी जन्मण्याच्या कितीतरी आधीचा तो खडक आहे.

चुनखडकात चाकूला दाद न देणारी गाठ दिसली तर ती चर्टची, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडाची. कॅल्साइटचा कठीणपणा मोह्सच्या 1 ते 10 मापावर 3, त्यावर चाकू सहज ओरखडतो.

ॲसिड 10 टक्क्यांचं, पातळ केलेलं वापरा. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवाच. फोनवर फोटो टाकून नाव विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं: फोटोत ना फेस दिसतो, ना ओरखडा.