गाळणमातीतून तांबे झिरपू नये म्हणून कंपोस्ट कसे निवडावे, कसे तपासावे

रस्त्यावरचे पावसाचे पाणी गाळणाऱ्या वाफ्यांच्या मातीत कंपोस्ट घालतात, कारण त्यामुळे झाडे जगतात आणि धातू मातीला धरून राहतात. पण तेच कंपोस्ट तांबे बाहेरही सोडते. त्यातली पाण्यात विरघळणारी ह्युमिक आणि फल्विक आम्ले (सेंद्रिय पदार्थ कुजून बनलेली) तांब्याला घट्ट पकडतात आणि सोबत घेऊन तळाच्या पाइपातून निघून जातात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 60 भाग वाळू आणि 40 भाग कंपोस्ट हे मिश्रण सर्रास वापरत. त्यातून नायट्रोजन, फॉस्फरस आणि तांबे झिरपताना दिसल्यावर 70 भाग वाळू, 20 भाग कोकोपीट, 10 भाग बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) असा पर्याय पुढे आला. तिथल्या ओढ्यांतल्या सामन माशांची वास घेण्याची शक्ती लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांब्यानेही मंदावते.

आधी कंपोस्ट पारखा. कोंबडखताचे नको, कोंबड्यांच्या खाद्यात तांबे आणि जस्त घालतात, ते खतात उतरते. आपल्याकडे शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते, पण ही मर्यादा एकूण तांब्याची आहे. पाण्यात किती उतरेल ते तिच्यावरून कळत नाही.

म्हणून काचेच्या बरणीत 50 ग्रॅम कंपोस्ट आणि 500 मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. दिवसभर अधूनमधून हलवा, रात्रभर ठेवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. पाणी कोऱ्या चहासारखे गडद आले तर ते कंपोस्ट बाजूला ठेवा. फिकट पिवळसर आले तर पुढे जा.

मिश्रणात कंपोस्ट घनफळाने 10 ते 15 टक्केच ठेवा, बाकी धुतलेली वाळू. कोकोपीट घालणार असाल तर त्यातले मीठ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा.

आता खरी परीक्षा. आतून 10 सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या नळीला तळाशी जाळी लावा, वर 10 सेंटिमीटर धुतलेली खडी आणि 45 सेंटिमीटर मिश्रण भरा. साडेतीन लिटर लागेल. पितळी तोटी किंवा जस्ताची बादली वापरू नका, त्यांचेच तांबे-जस्त नमुन्यात येते. मिश्रण भरण्याआधी रिकाम्या नळीतून पाणी सोडून त्याचाही एक नमुना घ्या. मग 14 लिटर डिस्टिल्ड पाणी हळूहळू ओता. वाफ्यात त्याच्या वीसपट जागेचे पाणी येत असेल, तर हे साधारण 9 सेंटिमीटर पावसाइतके झाले.

पहिला, सातवा आणि शेवटचा लिटर वेगळा ठेवा. प्रत्येकाचा थोडा भाग लगेच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, धातूंसाठीच्या बाटलीत प्रयोगशाळेने दिलेले नायट्रिक आम्ल घाला. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा (ह्युमिक-फल्विक आम्ले यातच मोजली जातात) नमुना वेगळ्या काचेच्या बाटलीत, त्या आम्लाशिवाय. नळी दोन आठवडे कोरडी ठेवून सगळे पुन्हा करा. कोरड्यानंतरच्या पहिल्या पाण्यात कार्बन आणि तांबे दोन्ही उसळी घेतात. पहिल्या लिटरपासून शेवटच्यापर्यंत कार्बन कमी होत गेला आणि सोबत तांबेही कमी होत गेले तर दोष कंपोस्टचाच.

जस्ताचे गणित निराळे, ते मुख्यतः सामूवर (pH) चालते: माती आंबट झाली की सुटते. मात्र चुन्याने सामू 8 च्या वर नेऊ नका. ह्युमिक आम्ले जास्त विरघळतात आणि तांबे पुन्हा चालू लागते. शिसे बहुतांशी बारीक कणांबरोबर जाते, म्हणून पाणी पडते तिथे दगड मांडून माती धुपू देऊ नका.

वाफा तयार झाल्यावर दरवर्षी वरून कंपोस्ट पसरू नका. लाकडाच्या भुग्याऐवजी जाड चिप्सचे 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादन पुरते.