आर्क प्लाझ्मावर काचेचा कच्चा माल वितळवताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यांत) लोखंडाचा रस रोजच निघतो, म्हणून आर्कवर, म्हणजे विजेच्या अखंड ठिणगीवर, काच वितळवणंही सोपं वाटतं. पण लोखंडाचं भंगार थंड असतानाही वीज नेतं, काचेचा कच्चा माल नेत नाही. काच वितळली की मगच त्यातून करंट जातो. सगळी मांडणी यावरच ठरते.

म्हणून दोन टॉर्च (आर्कनं तापलेल्या वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, झोत सोडणाऱ्या नळ्या) घ्यावेत, एक कॅथोड आणि दुसरा अ‍ॅनोड. दोन्ही आधी आपापल्या पायलट आर्कवर (टॉर्चच्या आतच पेटणाऱ्या छोट्या आर्कवर) पेटवायचे. खाली रस तयार झाला की करंट एकातून रसात आणि रसातून दुसऱ्यात वळवायचा. साध्या वेल्डिंग रेक्टिफायरचं ७०-८० व्होल्ट नो-लोड (आर्क पेटण्याआधीचा व्होल्टेज) इथे पुरत नाही. प्लाझ्मा कटिंगचा सोर्स घेतलात तर त्याच्या १०० टक्के ड्युटी सायकलच्या, म्हणजे न थांबता चालवता येणाऱ्या, करंटवरच चालवा. कॅथोड टंगस्टनची, वायू आर्गॉन; हवा शिरली की टंगस्टन झपाट्यानं झिजतं. ग्रॅफाइट स्वस्त पडतं, पण कार्बन रसात उतरला की काच काळवंडते आणि बुडबुडे सुटतात.

१० किलो काचेसाठी सिलिका वाळू ७.४, सोडा अ‍ॅश २.४ आणि चुनखडी २.१ किलो. एकूण ११.९ किलोपैकी सुमारे १.९ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-फोंडा पट्ट्यातली वाळू चालेल, पण लोहाचा रिपोर्ट बघूनच घ्या. लोह वाढलं की काच हिरवी होते. फौंड्रीतल्या साच्यांची (मोल्डिंगची) वापरलेली वाळू नकोच, तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते. कोरडं मिश्रण टॉर्चच्या झोतानं उडतं, म्हणून ३-४ टक्के पाणी मारा. मिश्रण ३६ अंशांच्या वर कोमट ठेवा, नाहीतर सोडा ते पाणी शोषून घेतो आणि गठ्ठे बांधतो. वाळू हाताळताना साधा रुमाल नको, धुळीसाठीचा मास्कच लावा. या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही.

पाण्यानं थंड ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात कडेनं मिश्रण दाबून बसवा आणि मध्ये २ किलो काचेचा चुरा टाका. कडेचं न वितळलेलं मिश्रण हेच अस्तर, त्यामुळे विटांची घाण रसात येत नाही. चुऱ्याचं डबकं झालं की मिश्रण मूठमूठ कडेनं सोडा. एकदम ओतलंत तर डबक्यावर गार थर बसतो, करंटची वाट तुटते आणि आर्क विझतो.

आर्क भडक पिवळा दिसून पांढरा धूर वाढला, तर सोडियम उडतंय असं समजा. करंट कमी करा, डबक्यावर मिश्रणाचा पातळ थर येऊ द्या. सोडा गेला की रस दाट होतो आणि ओतताना तारा ओढतो. खरं तर अल्कली (सोड्यासारखे घटक) नसलेली, तंतूंसाठीची काच या पद्धतीला जास्त मानवते.

रस लगेच ओतला तर काचेत बारीक बुडबुडे राहतात. वेगळ्या क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मुशीत) १४५० अंशांच्या आसपास तो निवळू द्या. ओतलेली काच सुमारे ५५० अंशांवर तासभर धरून मग हळूहळू गार करा.

टॉर्चला बोअरचं पाणी देऊ नका. क्षार बसून तांबं जळतं, आणि क्षारयुक्त पाण्यातून करंटही गळतो. बंद चक्रात डीएम (क्षार काढलेलं) पाणी फिरवा. वर धूर ओढणारा हूड हवाच, कारण आर्कजवळच्या हवेत नायट्रोजनची विषारी ऑक्साइड तयार होतात. पाण्याचा प्रवाह घटताच सोर्स बंद करणारा फ्लो स्विच टाळू नका: जळलेल्या टॉर्चमधून पाणी रसाखाली गेलं, तर वाफेच्या स्फोटानं रस अंगावर येतो.