डेट्रॉईटला आलात, आता गाडी कुणाची?

अपार्टमेंट मिळालं, सोशल सिक्युरिटी नंबर हातात पडला, देशी दुकानात बाकरवडी मिळते हे कळलं, की आठवड्याभरात नव्या माणसाचा मला फोन येतो. "काका, टोयोटा घेऊ की फोर्ड?" मी पंचवीस वर्षं डेट्रॉईटशेजारच्या ट्रॉयमध्ये राहतोय आणि त्यातली बहुतेक सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. आमचा माल अमेरिकन कंपन्यांना जातो तसा जपान्यांनाही जातो, त्यामुळे मला कुणाचीच बाजू घ्यायची गरज नाही. प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पुण्यात हा प्रश्न ॲव्हरेज किती आणि विकताना काय येईल यावर संपतो. इथे मात्र तुम्ही कुणाची गाडी चालवता याच्याकडे लोकांचं लक्ष असतं. शेजारचे आजोबा तीस वर्षं प्लांटमध्ये राबलेले असतात, मुलाच्या शाळेतल्या बाईंचा नवरा युनियनचा माणूस असतो. माझी पहिली गाडी दहा वर्षांची कोरोला. तिच्यातून मी एका ग्राहक कंपनीच्या कारखान्यात मीटिंगला गेलो आणि गेटजवळची मोकळी जागा बघून खुशाल लावली. पहारेकरी आला, फार अदबीने म्हणाला, "सर, ही तिकडे." तिकडे म्हणजे परक्या गाड्यांच्या जागेत, कुंपणाच्या पार पलीकडच्या टोकाला. जानेवारी महिना, उणे बारा, पायात पुण्याहून आणलेले बाटाचे बूट. मीटिंगला पोचलो तेव्हा ओठ इतके गारठले होते की नाव नीट सांगता येईना.

आता हे हसण्यावारी नेता येतं. एके काळी येत नव्हतं. १९८२ च्या जूनमध्ये इथल्याच हायलँड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने जिवे मारलं. त्याचं लग्न तोंडावर आलं होतं. मारणाऱ्यांपैकी एक गाडीच्या कारखान्यातला सुपरवायझर, दुसरा कामावरून काढलेला. जपानी गाड्यांचा राग, आणि समोरचा धड जपानीही नाही. शिक्षा झाली तीन वर्षांचं प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड, तुरुंगवास शून्य. आज तसं वातावरण नाही, घाबरवायला सांगत नाही. पण इथे राहायचं तर या गावाची जखम कुठे आहे हे ठाऊक असावं.

तर पहिली गोष्ट, ऑफिसात कुणाला तरी विचारा की कंपनीला कुठली सवलत लागू आहे. फोर्डच्या नोकरदारांना 'ए प्लॅन' असतो आणि ते ओळखीपाळखीच्यांना 'एक्स प्लॅन'चा पिन देऊ शकतात. पुरवठादार कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठीही सवलती असतात. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे राहा, एक्स प्लॅनवाला कुणीतरी भेटतोच. किंमत ठरलेली असते, घासाघीस करावी लागत नाही. आपल्याला घासाघीस जमते असा आपला समज असतो, पण इथला सेल्समन रोज तेच करून पोट भरतो.

आता 'देशी', म्हणजे अमेरिकन, गाडी कोणती ते बघू. बोनेटवरच्या बिल्ल्यावरून काही कळत नाही. समोरच्या काचेच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला, १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो. तो १, ४ किंवा ५ ने सुरू झाला तर गाडी अमेरिकेत जुळवलेली (अलीकडे ७ सुद्धा दिसतो), २ म्हणजे कॅनडा, ३ मेक्सिको, 'जे' जपान, 'के' कोरिया. डीलरच्या अंगणात हे वाचत एक चक्कर मारा, करमणूक होते. फोर्डची मॅव्हरिक ३ ने सुरू होते, कारण ती मेक्सिकोतल्या एर्मोसियोची. शेव्हरोलेची ट्रॅक्स कोरियाची. आणि 'परकी' टोयोटा कॅमरी केंटकीतल्या जॉर्जटाऊनची, सिएना व्हॅन इंडियानातली, होंडा अकॉर्ड वर्षानुवर्षं ओहायोतल्या मेरिसव्हिलची, बीएमडब्ल्यूच्या बहुतेक एसयूव्ही साऊथ कॅरोलायनातल्या. क्रायस्लर आणि जीप तर आता स्टेलांटिसच्या, जिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. मला एकदा एका माणसाने "खरी अमेरिकन घे" म्हणून सुनावलं, तो मेक्सिकोत जुळवलेल्या पिकअपला टेकून उभा होता.

नव्या गाडीच्या काचेवर आणखी एक कागद चिकटवलेला असतो. १९९२ च्या कायद्यामुळे त्यावर सुट्या भागांपैकी किती टक्के इथले, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, जुळवणी कोणत्या गावात हे छापावं लागतं. त्यात एक गंमत आहे: 'इथले' म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून, आणि आकडा त्या मॉडेलचा सरासरी असतो, तुमच्या गाडीचा नव्हे.

हा कागद आता खिशाशीही जोडला गेलाय. २०२५ ते २०२८ या वर्षांत, अमेरिकेत जुळवलेली नवी गाडी कर्जावर घेतली तर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. सेकंडहँड गाडीला नाही, लीजला नाही, आणि उत्पन्न फार असेल तर सूट कमी होत जाते. नव्या माणसाला क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे व्याजदर सणसणीत लागतो, म्हणजे हा मुद्दा तुमच्या कामाचा. रिटर्न भरताना व्हिन नंबर द्यावा लागतो.

आयात शुल्काचं म्हणाल तर वर्षानुवर्षं बाहेरच्या मोटारीवर अडीच टक्के होतं. २०२५ च्या एप्रिलपासून त्यावर २५ टक्के चढलं, जपानच्या गाड्यांचं त्याच वर्षी एकूण १५ वर आलं. ते बिलात वेगळं दिसत नाही, किमतीत मुरलेलं असतं. हे नवीन नाही, म्हणून थोडा मागचा इतिहास सांगतो. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली 'स्वखुशीने' वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर थांबायचं कबूल केलं. हेतू डेट्रॉईटला श्वास घ्यायला वेळ मिळावा हा. झालं काय, तर गाड्या मोजूनच पाठवायच्या आहेत म्हटल्यावर जपान्यांनी महागातल्या पाठवल्या. १९८६ ला होंडाची अक्युरा आली, १९८९ ला टोयोटाची लेक्सस आणि निसानची इन्फिनिटी. आणि बाकीच्या? त्यांच्यासाठी जपान्यांनी इथेच कारखाने टाकले. १९८२ मध्ये होंडा ओहायोत, १९८३ मध्ये निसान टेनेसीत, १९८८ मध्ये टोयोटा केंटकीत. ज्यांना वेशीवर अडवलं ते गावात घर बांधून बसले. मधल्या काळात गिऱ्हाईक दोन्हीकडच्या गाड्यांना जास्त पैसे मोजत राहिलं.

पिकअपची कथा तर कोंबडीची आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून १९६४ पासून अमेरिकेने बाहेरच्या हलक्या ट्रकवर २५ टक्के लावले. कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं, कर साठ वर्षांनीही आहे. त्या भिंतीआड डेट्रॉईटला पिकअपमध्ये भरपूर पैसा मिळत गेला आणि छोट्या गाड्यांवरचं लक्ष उडत गेलं. फोर्डने तर २०१८ मध्ये इथली सेडान बंद करायचं जाहीरच केलं. स्वस्त, छोटी, 'अमेरिकन' गाडी शोधत तुम्ही डीलरमागून डीलर पालथे घालता आणि मिळत नाही, त्यामागे ही कोंबडी आहे.

आमच्या पिढीला हे समजवावं लागत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी मिळावी म्हणून वडिलांनी नंबर लावून वर्षं मोजलेली. तिला स्पर्धाच नव्हती, मग ती कशाला सुधारेल? १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा पहिल्यांदा कळलं की दार हलक्या हातानेही लागतं.

टिकाऊपणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नव्या गाडीत आता फरक फार उरलेला नाही. दहा वर्षं जुन्या, लाखभर मैल झालेल्या गाडीत मी अजूनही आधी टोयोटा-होंडा बघतो. पण ते सगळ्यांनाच माहीत असल्याने तिची किंमतही तशीच असते. त्याच पैशात एखाद्या निवृत्त आजोबांची, कमी चाललेली, वेळच्या वेळी ऑईल बदललेली अमेरिकन ब्यूक मिळत असेल तर मी ब्यूक घेईन, आणि घेतलीही आहे. 'सर्वोत्तम दर्जा' अशी जाहिरात बघाल तेव्हा तो पहिल्या ९० दिवसांचा सर्व्हे आहे की तीन वर्षांनंतरचा, हे बारीक अक्षरांत वाचा. पहिल्या ९० दिवसांत लोक स्क्रीनवर फोन जोडला जात नाही म्हणून कुरकुरतात. गिअरबॉक्स तेव्हा गप्प असतो.

नवीन घडवलेल्या मॉडेलचं पहिलं वर्ष टाळा, मग बिल्ला कुणाचाही असो. मी टाळलं नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही. वॉरंटी ६० हजार मैलांना संपली आणि गिअरबॉक्सने ६४ हजारांवर मान टाकली, थेट हायवेवर, मागे दोन पोरं आणि सासूबाई. बिल ४,२०० डॉलर.

पण मिशिगनमध्ये गाडी इंजिनाने मरते त्यापेक्षा मिठाने जास्त मरते. डेट्रॉईट शहराच्या पोटात, सुमारे १,१०० फूट खोल, मिठाची खाण आहे. बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, ते पाण्यात विरघळून गाडीच्या पोटाला लागतं. आणि इथे दरवर्षीची तपासणी नाही, पीयूसीसुद्धा नाही, त्यामुळे वरून चकाचक, खालून चाळण झालेली गाडी बिनदिक्कत विकली जाते. एका नव्या मुलाबरोबर मी अशी एक बघायला गेलो होतो. मालक सज्जन, सीटवर डाग नाही, गाडी जपानी, मुलगा खूश. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने ती वर उचलली आणि दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला. तो आत गेला. खारीचे पापुद्रे पडावेत तसे तपकिरी तुकडे खाली पडले. ब्रेकची नळी बोटाने पुसली तर बोट ओलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. "जपानी आहे ना?" एवढंच म्हणाला. जपानी असल्याने मिठाला काही फरक पडत नाही, टोयोटालाच आपल्या जुन्या टॅकोमा आणि टंड्रा पिकअपच्या गंजलेल्या चॅसीपायी २०१६ मध्ये कोर्टात तडजोड करावी लागली.

म्हणून ऑक्टोबरात खालून तेलाचा हात मारून घ्या, हिवाळ्यात पोट धुणारं वॉशिंग निवडा. दक्षिणेकडची गाडी मिळाली तर उत्तम, फक्त ती पुरात बुडालेली नाही ना हे कागदांत तपासा. व्हिन नंबर टाकून सरकारी साईटवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने केलेलं बोलावणं) बाकी आहे का बघा, फुकट आहे. पसंत पडली की पैसे देण्याआधी विम्याचा आकडा विचारा, मिशिगनचा विमा ऐकून भल्याभल्यांनी मॉडेल बदललंय. आणि डीलरचा नव्हे, आपला मेकॅनिक. तो दीडशे-दोनशे डॉलर घेईल.

त्याच्याकडे नेण्याआधी स्वतः एकदा खाली वाकून बघा. फोनचा उजेड पुरत नाही, हातातली बॅटरी न्या. जुनी पँट घाला. शनिवारी सकाळी असेन तर मी येतो, चहा तुमच्याकडे.