प्रज्ञावान मुलांवर लघुप्रबंध करणार असाल तर आधी हे वाचा

प्रज्ञावान मुलांचं शिक्षण हा विषय एम.एड.ला घेतला की स्टाफरूममधून हमखास ऐकू येतं, "हुशार मुलांना काय वेगळं शिकवायचं? ती शिकतातच." वाद घालत बसू नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बी.एड.लासुद्धा या विशेषीकरणाची वाट ठेवली आहे, तेवढं सांगा आणि कामाला लागा. रेन्झुलींची तीन वर्तुळं (सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाची चिकाटी जिथं एकत्र येतात ती प्रज्ञा) तुम्हाला पाठ असतील. तिथं कुणी अडत नाही.

अडतं ते आकड्यांत. मीही तिथेच अडकले. नेहमीचा आराखडा असा: चाचणी घ्यायची, वरची मुलं निवडायची, काही आठवडे समृद्धीकरणाचे, म्हणजे नेहमीच्या अभ्यासापलीकडचे, उपक्रम द्यायचे, तीच चाचणी पुन्हा घ्यायची. उपक्रमानंतर माझ्या गटाची सरासरी खाली आली! मुलं घरून प्रश्न घेऊन येत होती, तास संपला तरी उठत नव्हती, आणि तक्ता सांगत होता की ती मागे पडली. ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

यामागचं कारण नीट समजून घ्या. कुठल्याही गुणांत खऱ्या क्षमतेबरोबर त्या दिवसाचा वाटा असतो: लागलेला अंदाज, चांगली झोप. फक्त वरची मुलं निवडली की हा वाटा ज्यांच्या बाजूनं पडला तीच जास्त येतात, आणि दुसऱ्या वेळी तो टिकत नाही. सर्वसाधारण सरासरी १००, चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर गुण किती जुळतात ते; पूर्ण जुळले तर १) ०.९ आणि निवडलेल्या गटाची सरासरी १३० असेल, तर काहीही न शिकवता पुनर्चाचणीत ती १२७च्या आसपास येणं अपेक्षित आहे. विश्वसनीयता ०.८ असेल तर १२४. हेच सरासरीकडे होणारं प्रतिगमन. ब्रिटिश संशोधक गाल्टननं ते १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांत दाखवलं होतं. त्यात चाचणी तोकडी पडते ते वेगळंच. रेव्हनच्या स्टँडर्ड मॅट्रायसेस या आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीत प्रश्न ६०. ज्याला पहिल्यांदाच ५७ पडले त्यानं वाढून वाढावं किती?

म्हणून निवड एका चाचणीवर करा आणि प्रगती दुसरीवर मोजा. त्याच निकषावर निवडलेला तुलनेचा गट ठेवाच. त्या मुलांना उपक्रम नंतर द्या, त्यांच्यावर अन्याय होत नाही. मोजायला वरच्या वयाची चाचणी घ्या. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची सॅट दिली ती याचसाठी.

गाईड नाव बघून निवडू नका. पूर्वचाचणीआधी नमुन्यावरून, म्हणजे मुलं कशी निवडणार यावरून, तुमच्याशी तावातावानं भांडणारा गाईड मिळाला तर सोडू नका, मग त्याच्या नावावर शोधनिबंध कमी का असेनात. आणि पैसे घेऊन 'आकडे काढून देणाऱ्यां'कडे अजिबात जाऊ नका. ते टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोग आहे का ते तपासणारा आकडा) देतील, पण बहिःस्थ परीक्षकानं "हा गट कसा निवडला?" विचारलं की उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

तुमचे आकडे आधीच घसरले असतील तर घाबरू नका, फेकूनही देऊ नका. प्रतिगमनानं अपेक्षित असलेली सरासरी काढा, मिळालेली शेजारी मांडा आणि फरकावर लिहा. मुलांनी विचारलेले प्रश्न तारखेसह परिशिष्टात जोडा. माझ्या तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ त्याच पानांवर गेला.