एसीत गॅस भरण्याआधी हे तपासावे
गाडीच्या एसीतून गार हवा येईनाशी झाली की बहुतेक जण थेट गॅस भरून घ्यायला जातात. परंतु आधी हवेचा झोतच कमी झाला आहे की झोत जोरात असूनही हवा गरम आहे, हे पाहावे. झोत कमी असल्यास बहुधा केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो. अनेक गाड्यांमध्ये तो डॅशबोर्डमधील खणामागे असतो आणि घरीच बदलता येतो.

महामार्गावर हवा गार, पण सिग्नलला थांबताच गरम, असे होत असेल तर रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरकडे, म्हणजे एसीच्या गॅसमधील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाकडे, आणि पंख्याकडे लक्ष द्यावे. उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळतो तो केवळ या पंख्यामुळे. म्हणून इंजिन व एसी सुरू ठेवून, हात आणि कपडे दूर राखून, पंखा फिरतो का हे पाहावे. कंडेन्सरच्या जाळीत माती व किडे अडकले असल्यास इंजिन थंड झाल्यावर ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या नाजूक पात्या वाकतात.

एवढ्यानेही भागले नाही तर मात्र मेकॅनिककडे जावे. एसीतील गॅस, जो बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याविना भरलेला गॅसही निघूनच जाणार. त्यामुळे आधी गळतीची तपासणी करण्याचा आग्रह धरावा आणि गॅस अंदाजाने नव्हे, तर कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाइतकाच भरून घ्यावा, कारण तो जास्त झाला तरीही गारवा कमी होतो.